मोठे टायर लावले की ट्रकची हॉर्सपॉवर घटते का? डायनोच्या रोलरवर नेमकं काय मोजलं जातं?

एक पिकअप किंवा छोटा ट्रक रोलरवर चढवलेला असतो, मागून पट्ट्यांनी बांधलेला. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, चाकं जागच्या जागी फिरतात, शेजारच्या स्क्रीनवर एक रेषा वर चढत जाते आणि शेवटी आकडा येतो. मग टायर बदलतात, मोठे लावतात. पुन्हा तोच खेळ. या वेळी आकडा आठ-दहाने कमी! खाली कमेंटमध्ये लगेच दोन तट. एक म्हणतो, "बघा, मोठ्या टायरने पॉवर खाल्ली." दुसरा म्हणतो, "मशीनच खोटं आहे."

असे रील तुमच्याही फीडमध्ये आले असतील. दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत, म्हणून भांडण मिटत नाही.

पण ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न फक्त गाडीवेड्या मुलांचा नाही. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारा, शीळफाट्यावरून वळणारा, गायमुखचा चढ चढणारा माल याच ट्रकमधून जातो. एखादा ट्रक चढावर दमला की मागे घोडबंदर रोडवर काय होतं, ते वेगळं सांगायला नको. आणि ट्रकची चाकं रोलरवर चढवून तपासण्याची पद्धत आता हौशी गॅरेजपुरती राहिलेली नाही. गाडी पासिंगला जाते तिथेही ती आली आहे.

आधी ट्रकवरचा आकडा

जुन्या ट्रकच्या नावातच हॉर्सपॉवर दडलेली असते. टाटा १६१३ म्हणजे ढोबळमानाने १६ टनांचा ट्रक आणि १३० हॉर्सपॉवरचं इंजिन. १९८६ साली आलेला टाटा ४०७ म्हणजे चार टन आणि सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर. नाव ठेवायची ही तऱ्हा मर्सिडीजच्या ट्रककडून आली. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले होते. माजिवड्याच्या सिग्नलला अडकलात तर पुढच्या ट्रकचं नाव असं वाचून बघा, वेळ बरा जातो.

पण हा आकडा चाकावर मोजलेला नसतो. मोठ्या ट्रकचं इंजिन गाडीतून वेगळं, बाकावर बसवून, थेट डायनामोमीटरला जोडून तपासतात. महाराष्ट्रात अशा चाचण्यांसाठी ओळखली जाणारी संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय, १९६६ पासूनची. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांतही अवजड वाहनांच्या इंजिनाचा धूर असाच, बाकावरच्या इंजिनावर मोजतात. तिथे टायर नसतो, गिअरबॉक्स नसते, मागचं हाउसिंग नसतं.

गॅरेजमधला रोलरचा डायनो मोजतो ती चाकापर्यंत पोहोचलेली ताकद. गिअरबॉक्स, शाफ्ट, हाउसिंग आणि टायर, सगळ्यांनी आपापला वाटा कापून घेतल्यावर जे उरतं ते. साधारण दहा ते वीस टक्के वाटेतच जातात. त्यामुळे कंपनीच्या कागदावर २५० आणि रोलरवर २१० दिसले तर लगेच इंजिन खराब म्हणून घाबरायचं कारण नाही.

रोलरला टायरचा साइज माहीतच नसतो

रोलरला दोनच गोष्टी कळतात. त्याच्या पृष्ठभागावर टायर किती जोराने ढकलतोय आणि तो पृष्ठभाग किती वेगाने पळतोय. जोर गुणिले वेग म्हणजे पॉवर. ७५ किलोचा माणूस एका सेकंदात एक मीटर वर उचलायला लागते ती एक मेट्रिक हॉर्सपॉवर, म्हणजे ७३५.५ वॉट. यातून एक सोपं सूत्र निघतं: किलोमधला जोर गुणिले ताशी किलोमीटरमधला वेग, भागिले २७०.

आता खरे टायर घेऊ. मध्यम ट्रकना लागणाऱ्या टायरवर २१५/७५ आर १७.५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. हिशोब केला तर पूर्ण टायरचा व्यास ७६७ मिमी भरतो. त्याच्या जागी २३५/७५ आर १७.५ लावला तर ७९७ मिमी. जेमतेम तीन सेंटिमीटरचा फरक, पण टक्क्यांत जवळपास चार. पहिला टायर एका किलोमीटरला ४१५ वेळा फिरतो, दुसरा ३९९ वेळा.

समजा पहिल्या टायरवर, एका ठरावीक गिअरमध्ये, एका ठरावीक आरपीएमला गाडी ताशी ५० ने पळतेय आणि टायर रोलरला ५४० किलोचा जोर देतोय. ५४० गुणिले ५०, भागिले २७०. उत्तर १००.

मोठा टायर लावा. गिअर तोच, आरपीएम तोच. चाक तेवढ्याच वेळा फिरतंय, पण प्रत्येक फेरीत जास्त अंतर कापतंय, म्हणून वेग ५२ झाला. जोर मात्र घटला, कारण मधल्या आसापासून रस्ता लांब गेला. लांब पान्याने नट सोपा फिरतो, त्याची ही उलटी बाजू आहे: आसाकडून येणारा पीळ तेवढाच, पण हात लांब झाला की टोकाला मिळणारा जोर कमी. तो आता ५२० किलो. ५२० गुणिले ५२, भागिले २७०. उत्तर पुन्हा १००, दशांश चिन्हानंतर थोडं इकडेतिकडे.

म्हणजे टायरच्या व्यासाने पॉवर बदलत नाही. बदलते ती ओढ, म्हणजे त्याच गिअरमध्ये रस्त्यावर मिळणारा जोर.

मग रीलमधला आकडा घटला कसा?

इथे "मशीन खोटं" म्हणणाऱ्यांना थोडे गुण द्यावे लागतील. मोठा टायर नुसता मोठा नसतो. तो बहुतेकदा जड असतो, रुंद असतो, त्याची नक्षी खोल आणि मऊ असते.

काही डायनोंत फक्त एक जड रोलर असतो आणि तो किती लवकर वेग पकडतो यावरून पॉवर काढतात. अशा मशीनवर इंजिनाला रोलरबरोबर स्वतःची चाकंही फिरवायला लागतात. ट्रकचा एक टायर सहज पन्नास-साठ किलोचा असतो आणि वजनाचा बराच भाग कडेला असतो. ते वजन गरगर फिरवण्यात गेलेली ताकद रोलरपर्यंत पोहोचत नाही, म्हणून स्क्रीनवर दिसत नाही. दुसऱ्या प्रकारच्या डायनोत रोलरला ब्रेक लावून गाडी एकाच वेगावर धरून ठेवतात. तिथे चाकाचा वेग वाढतच नसतो, म्हणून वजनाचा हा घोळही होत नाही. रील बघताना मशीन कुठल्या प्रकारचं आहे हे कधीच कळत नाही, ही माझी मोठी तक्रार आहे.

मग टायरचं दबणं. सपाट रस्त्यावर टायर जेवढा चेपतो त्यापेक्षा गोल रोलरवर जास्त चेपतो, त्यातही गाडी पट्ट्यांनी खाली ओढून बांधलेली असते. प्रत्येक फेरीला रबर दबतं, सुटतं आणि गरम होतं. ती उष्णता इंजिनाच्या डिझेलमधूनच आलेली असते. हवा कमी असेल तर हे नुकसान झपाट्याने वाढतं. पहिल्या चाचणीत हवा भरलेली आणि दुसऱ्यात कमी, एवढ्यानेही आकडा खाली येतो. ट्रकच्या मागच्या जोड टायरमध्ये आणखी एक गंमत होते. जोडीतला एक नवा आणि एक झिजलेला असेल तर दोघांचा घेर वेगळा, पण आस एकच. मग त्यातला एक सतत थोडा घासत राहतो.

तिसरं कारण घसरणं. २१० हॉर्सपॉवर चाकावर देणारा ट्रक ताशी ३० च्या वेगाला पूर्ण ताकद लावत असेल तर वरच्याच सूत्राने जोर निघतो १,८९० किलो. गाडी खाली असेल, मागच्या चाकांवर जेमतेम तीन टन वजन असेल, रोलर थोडा ओला असेल, तर टायर घसरणार. वरच्या गिअरमध्ये ताशी ६० ला तीच चाचणी घेतली तर जोर लागतो ९४५ किलो, आणि टायर पकड धरतो. म्हणून खालच्या गिअरमधली चाचणी ट्रकच्या बाबतीत फारशी उपयोगाची नसते.

आणि चौथं, सगळ्यात कमी बोललं जाणारं. स्क्रीनवर पॉवरच्या शेजारी टॉर्कची रेषाही असते. ती काढायला इंजिनाचा आरपीएम लागतो. काही ठिकाणी तो गाडीच्या सॉकेटमधून थेट घेतात, काही ठिकाणी रोलरच्या वेगावरून अंदाजाने काढतात. अंदाजाने काढत असतील आणि टायर बदलल्यावर मशीनमध्ये नवी जुळणी केली नसेल, तर आरपीएम चार टक्के चुकतो आणि टॉर्कही तेवढाच चुकतो. पॉवरचा आकडा बरोबर, टॉर्कचा चूक, आणि कॅप्शनमध्ये मात्र टॉर्कच.

थोडक्यात, टायर बदलल्यावर दोन-चार टक्क्यांचा फरक दिसणं नवल नाही. पण तो फरक टायर आणि रोलर यांच्यामधला आहे. इंजिनाला त्याचा पत्ताही नसतो.

घाटात मात्र साइज जाणवतो

"डायनो काहीही म्हणू दे, मोठे टायर लावल्यापासून गाडी ओढत नाही," हे ड्रायव्हरचं म्हणणं खोटं नसतं. फक्त त्याला पॉवर घटणं म्हणणं चूक.

आपल्या जिल्ह्यातला खरा चढ म्हणजे कसारा घाट. रेल्वेचा चढ तिथे ३७ मीटरला एक मीटर आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात. ट्रकला मागून ढकलणारं कोणी नसतं.

समजा २० मीटरला एक मीटर असा चढ आहे. तीन आसांचा, दहा चाकी ट्रक. २०१८ मध्ये केंद्राने आसभाराची मर्यादा वाढवली तेव्हापासून अशा ट्रकचं मालासकट वजन २८.५ टनांपर्यंत चालतं. हे वजन चढावर वर ओढायला साधारण १,४२५ किलो जोर लागतो, टायरच्या घर्षणाचे दोनशे-सव्वादोनशे धरले तर १,६५० पर्यंत. चाकावर २१० हॉर्सपॉवर असेल तर हा ट्रक जास्तीत जास्त ताशी ३४ ने चढेल. टायर कुठलेही लावा, हा आकडा हलत नाही, कारण तो पॉवरने ठरतो.

पण ड्रायव्हर एका गिअरमध्ये असतो. त्या गिअरमध्ये जुन्या टायरवर १,७०० किलो जोर मिळत असेल तर गाडी १,६५० चा चढ आरामात चढते. ९.००-२० चे टायर काढून १०.००-२० चे लावले तर व्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि जोर येतो १,६४० वर. दहा किलोंनी कमी पडला! आता आरपीएम खाली यायला लागतो आणि खालचा गिअर टाकावा लागतो. गिअर पडेपर्यंत वेग घसरतो, मागचे हॉर्न सुरू. क्लच झिजलेला असेल, गिअर नीट पडला नाही, तर गाडी तिथेच उभी.

जादा माल हा यातला खरा खलनायक आहे, हेही इथेच सांगून टाकते. तोच ट्रक ३५ टनांवर नेला तर लागणारा जोर २,०३० किलो होतो आणि वेग ताशी २८ वर येतो. टायरच्या साडेतीन टक्क्यांपुढे हा फरक किती मोठा आहे बघा.

दरवेळी टायर बदलला म्हणजे फरक पडतोच असंही नाही. ट्यूबवाला २९५/९० आर २० चा व्यास १,०३९ मिमी आणि ट्यूबलेस २९५/८० आर २२.५ चा १,०४४ मिमी. अर्धा टक्का. रिम दिसायला बरीच मोठी, पण टायरची बाजू तेवढीच बुटकी, म्हणून बाहेरचा घेर जवळपास तोच.

पासिंगच्या रोलरवर काय होतं?

इथे एक गैरसमज आधी दूर करते. वाहनाच्या फिटनेस तपासणीत हॉर्सपॉवर मोजत नाहीत. तिथले रोलर वेगळ्या कामाचे.

ठाण्याची एमएच-०४ किंवा कल्याणची एमएच-०५ पाटी असलेला व्यावसायिक ट्रक आठ वर्षांचा होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणीला न्यावा लागतो. पूर्वी निरीक्षक डोळ्यांनी बघून, गाडी थोडी चालवून ठरवायचे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या आरटीओंना ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच असं बजावलं. मग २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम काढले. गाडी यंत्रावर जाईल, आकडे थेट संगणकात जातील, माणसाचा हात कमी. सक्तीच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा तीच आहे.

या केंद्रातल्या दोन यंत्रांवर टायरचा साइज थेट आकड्यात उतरतो.

पहिलं स्पीड गव्हर्नरचं. व्यावसायिक वाहनांना ताशी ८० ची मर्यादा आहे, डंपर, टँकर आणि स्कूल बसना ६० ची. गव्हर्नर वेग मोजतो तो गिअरबॉक्स किंवा चाक किती वेळा फिरलं यावरून. टायर चार टक्के मोठा असेल तर गव्हर्नरला ८० वाटतात तेव्हा गाडी खरं तर ८३ ने पळत असते. डंपरच्या काट्यावर ६० असतात तेव्हा रस्त्यावर ६२ पेक्षा जास्त. रोलर मात्र पृष्ठभागाचा खरा वेग मोजतो, त्यामुळे हा फरक तिथे लगेच उघडा पडतो. किलोमीटरचा काटाही याच हिशोबाने चुकतो. मोठ्या टायरवर तो कमी अंतर दाखवतो, आणि मालकाला वाटतं ॲव्हरेज पडलं, ड्रायव्हर डिझेल काढतोय. निव्वळ टायरच्या साइजवरून एखाद्या ड्रायव्हरवर चोरीचा आळ येऊ शकतो, हे मला तरी हॉर्सपॉवरच्या वादापेक्षा गंभीर वाटतं.

दुसरं यंत्र ब्रेकचं. रोलर चाक फिरवतो, ब्रेक दाबला की चाक किती जोराने अडवतं ते मोजतो. ब्रेक ड्रमचा पीळ तोच, पण टायर मोठा, म्हणजे रस्त्यावर पोहोचणारा अडवण्याचा जोर चार टक्के कमी. ओढ कमी होते त्याच कारणाने ब्रेकही थोडा कमी लागतो. घाट चढताना कमी पडलेली ओढ गाडी हळू करते. उतरताना कमी पडलेल्या ब्रेकचं काय होतं, ते मुंब्रा बायपासच्या उतारावर राहणाऱ्यांना विचारा.

म्हणूनच टायरचा साइज आणि प्लाय रेटिंग हा मालकाच्या आवडीचा विषय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याचा स्वतंत्र नियम आहे, ९५ क्रमांकाचा. कंपनीने त्या मॉडेलसाठी मंजूर करून घेतलेले साइज चालतात. मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येही सांगितलं आहे.

ट्यूनिंगवाल्याचा कागद हातात आला तर

गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करून पॉवर वाढवून देतो, म्हणत आधीचा आणि नंतरचा असे दोन आलेख दाखवले जातात. पिकअपवाल्यांना तर फारच. बीएस-६ गाडीच्या धुराच्या यंत्रणेशी असा खेळ करणं बेकायदेशीर आहे, तो विषय वेगळाच. पण आलेख समोर आलाच तर पाच गोष्टी विचारा: दोन्ही वेळा टायर तेच होते का, हवा किती होती, गिअर कुठला होता, आरपीएम सॉकेटमधून घेतला की अंदाजाने, आणि स्क्रीनवरचा आकडा चाकावरचा आहे की त्यात काही टक्के मिळवून इंजिनाचा म्हणून दाखवलाय. शेवटच्या प्रश्नावर बऱ्याचदा उत्तर येत नाही. आधीची चाचणी मे महिन्याच्या दुपारी आणि नंतरची पहाटे घेतली असेल, तर हवेच्या तापमानानेही रेषा थोडी वर सरकते.

आणि टायर "तेच" होते म्हणजे काय, हेही विचारा. ट्रकच्या नव्या टायरची नक्षी १५ मिमीच्या आसपास खोल असते. कायद्याने १.६ मिमी उरेपर्यंत तो चालतो. तोवर त्याचा व्यास जवळपास २७ मिमीने घटलेला असतो. १,०४४ मिमीचा टायर १,०१७ वर आलेला, म्हणजे अडीच टक्क्यांहून जास्त फरक. साइज बदललेला नाही, टायरच्या बाजूवर अजूनही २९५/८० आर २२.५ असंच लिहिलेलं आहे.